अवघड जागेचं दुखणं आणि पाठीची कमान



या मालिकेत आपण आजवर किल्ले, तोफा आणि मोहिमा यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय घरातला आहे, सतरंजीवरचा. योगासनांत पाठीला मागे कमान द्यायची वेळ आली की पुरुषमाणसांना त्रास का होतो, आणि आपल्याच देशातल्या जाणत्या लोकांनी गेल्या शंभर वर्षांत त्यावर काय मार्ग काढले, त्याचा हा इतिहास. बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही जा, सकाळी बागेत आसनं करणारे आपले निवृत्त मित्र दिसतात. भुजंगासन, शलभासन, धनुरासन आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, चालतं."

हे "काही नाही" मी पहिल्यांदा ऐकलं ते फौजेत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. तिथूनच सुरुवात करतो.

१९९० च्या दशकातली गोष्ट. मी मेजर होतो, एका कंपनीचा कमांडर. आठवड्यातून एकदा पीटीच्या वेळेत मी जवानांकडून योगासनं करून घ्यायचो. माझं स्वतःचं शिक्षण म्हणजे एक पातळसं पुस्तक आणि भरपूर आत्मविश्वास. मैदानावर खडी वर आलेली, जवान चड्डी-बनियनवर पालथे झोपलेले, आणि माझ्या तोंडात शिट्टी. एकला घोटे धरायचे, दोनला वर उचलायचं, आणि तीन मी मुद्दाम लांबवायचो. चाळिशीकडे झुकलेला एक हवालदार काही केल्या वर येत नव्हता. मी मागून गेलो, त्याचे घोटे धरले आणि वर ओढले. त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "कुछ नहीं, साब."

त्या दिवशी तो परेडला उभा होता. आठवड्याभरात तो वैद्यकीय तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर दिसला. कमरेत उसण आणि एका पायात खालपर्यंत कळ. पुढे त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आली, आणि नायब सुभेदारीच्या बढतीच्या वेळी तीच आडवी आली. कागदावर कारण होतं, पीटी करताना झालेली दुखापत. कुणी ओढलं हे कागदावर कधी आलं नाही. त्यानं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर बडोद्याला स्थायिक झालो आणि वाचायला वेळ मिळाला. तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हा, की पाठ इतकी मागे वाकवायला आपल्याला सांगितलं तरी कुणी? उत्तरानं मी चक्रावलो.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची जी व्याख्या आहे तिच्यात दोनच गोष्टी येतात, स्थिरता आणि सुख. शरीर कुठे आणि किती वाकवायचं याचा तिथे उल्लेखही नाही. साधारण पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका १५ आसनं सांगते. त्यांत बहुतेक बसण्याची आहेत, पश्चिमोत्तान आहे, मयूरासन आहे, शवासन आहे. धनुरासनही आहे, पण त्या वर्णनात पायाचे अंगठे धरून कानापर्यंत ओढायचे आहेत, धनुष्याची दोरी ओढावी तसे. पोटावर झोपून होडी करायची, असं काही तिथे दिसत नाही. त्यानंतरची घेरंडसंहिता ३२ आसनं सांगते, आणि तिच्यात शलभ, भुजंग, उष्ट्र ही नावं येतात. पण तिथलं उष्ट्रासन आजच्यासारखं गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकण्याचं नाही. पालथं झोपून, पाय उलटे वळवून हातांनी धरायचे, असं ते आहे. म्हणजे नाव जुनं, शरीराची ठेवण वेगळी.

एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या राजवाड्यात मुम्मडी कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयानं श्रीतत्त्वनिधी नावाचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात १२२ आसनांची चित्रं आहेत आणि दोरावरच्या कसरतींसह तालमीतले अनेक प्रकार आहेत. तालमीतल्या कमानी आणि योग्यांची आसनं तोवर एकमेकांच्या बरीच जवळ आलेली दिसतात. सांगायचा मुद्दा एवढाच, की मागे वाकण्याची जी लांबलचक यादी आज आपण पुरातन म्हणून डोक्यावर घेतो, तिच्यातला मोठा भाग अलीकडच्या काळात घडला. माणसांनी घडवलेली गोष्ट माणसाच्या शरीराकडे बघून बदलायला हरकत नसते. ती बदलली गेलीही.

त्यातलं पहिलं नाव आमच्या बडोदे भागातलं आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा, डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात ते तयार झाले. पुढे मालसरला नर्मदाकाठी परमहंस माधवदासजींकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद या नावानं ओळखले गेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केलं. क्ष-किरण आणि दाब मोजण्याची उपकरणं घेऊन योगक्रिया तपासणारे ते आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे अभ्यासक.

त्यांच्या पद्धतीत मागे वाकण्याची मुख्य आसनं मोजकी आहेत, भुजंग, शलभ आणि धनुर. भुजंगासनात त्यांनी सांगितलं की पाठ एकदम उचलायची नाही. मानेपासून सुरुवात करून एकेक मणका जणू सुटा करत वर यायचं, म्हणजे ताण वरून खाली सरकत जातो. आणि शलभासनाच्या आधी त्यांनी अर्धशलभासन ठेवलं, म्हणजे एका वेळी एकच पाय. तालमीत घुमलेल्या माणसानं "अर्ध" हा शब्द सन्मानानं वापरला, हे मला फार मोठं वाटतं. त्यांनी सामुदायिक व्यायामासाठी यौगिक संघव्यायामाची रचनाही केली, हुकुमावर चालणारी. म्हणजे मी मैदानावर करत होतो त्याला पूर्वज होता. फरक असा, की झटका आणि बळजबरी यांना त्यांच्या आसनांत जागा नव्हती, आणि माझ्या मैदानावर तेवढंच उरलं होतं.

दुसरा धागा म्हैसूरचा. कृष्णराज वाडियार चौथे यांच्या आश्रयानं टी. कृष्णम्माचार्य १९३३ पासून जगन्मोहन पॅलेसमधली योगशाळा चालवत. तिथे १९३४ मध्ये त्यांचा तरुण मेहुणा आला, बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. आज आपण त्यांना बी. के. एस. अय्यंगार म्हणून ओळखतो. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी शरीराची दशा झालेली. पुढे वाकलं तर हात जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोचत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

त्यांनी सांगितलेली एक आठवण आजच्या विषयाच्या अगदी मर्मावरची आहे. गुरूंनी पाहुण्यांसमोर हनुमानासन करायला सांगितलं, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, जमिनीला टेकलेले. ते येत नव्हतं. सुटायचं म्हणून तरुण अय्यंगारांनी सबब सांगितली, की माझी चड्डी शिंप्यानं फार घट्ट शिवली आहे, पाय फाकणार नाहीत. गुरूंनी कात्री मागवली, चड्डी दोन्ही बाजूंनी कापायला लावली आणि म्हणाले, आता कर. त्यांनी केलं. मांडीमागचे स्नायू फाटले आणि पुढे बराच काळ चालण्याचे हाल झाले.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मला तो हवालदार आठवला. माझ्याकडे कात्री नव्हती, हात होते.

१९३७ मध्ये अय्यंगार पुण्याला आले, वय १८. डेक्कन जिमखान्यावर शिकवायचं काम. मराठी येत नव्हती, आणि शिष्य वयानं आणि ताकदीनं त्यांच्यापेक्षा वरचढ. पुढच्या वर्षांत त्यांच्याकडे धडधाकट माणसांबरोबर दुखणाईत माणसंही येऊ लागली. कुणाचा खांदा उठेना, कुणाची कंबर धरलेली. आसन सोडायचं नाही आणि माणूसही मोडायचा नाही, या अडचणीतून त्यांची साधनं जन्माला आली. लाकडी विटा, पट्टे, भिंतीचे दोर, लोड, घडीची लोखंडी खुर्ची, आणि विपरीत दंडासनासाठी खास वळणदार लाकडी बाक. १९६६ मध्ये त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ लंडनहून निघाला, तो मराठीत योगदीपिका म्हणून आला. त्यात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा आहे, १ ते ६०. ६० चा आकडा ज्याला दिला आहे ते आसन मागे वाकण्याचंच आहे, उभ्यानं मागे वाकून स्वतःचे घोटे धरण्याचं. १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली.

आणि मग १९७९. त्यांनी साठी ओलांडली होती. स्कूटरच्या अपघातांत खांदा, कणा आणि गुडघे दुखावले. जगाला मागे वाकायला शिकवणारा माणूस पुन्हा पहिल्या इयत्तेत येऊन बसला. त्यांनी खुर्ची घेतली, दोर घेतले, बाक घेतलं, आणि इतरांसाठी शोधलेल्या आधारांवर स्वतःचं शरीर वर्षानुवर्षं परत उभं केलं. २०१४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. उतारवयातली त्यांची छायाचित्रं पाहा. खुर्चीवर किंवा बाकावर पाठ टाकलेली, चेहरा शांत. पतंजलींची ती दोन लक्षणं, स्थिर आणि सुख, तिथे एकत्र दिसतात.

आता पुरुषांचं काय, ते सांगतो. आधी "छाती बाहर" बद्दल. फौजेत आम्ही वर्षानुवर्षं सावधान उभे राहतो. छाती पुढे काढली असं वाटतं, पण बहुतेक वेळा आपण कंबरेत खळगा पाडलेला असतो आणि पाठीचा वरचा भाग फळीसारखा तसाच असतो. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत एक जाड स्नायू जातो. खुर्चीत बसून, गाडी चालवून तो आखडतो. मागे वाकताना मांडीचा पुढचा भाग उघडत नाही, खांदे उघडत नाहीत, बरगड्यांमुळे वरची पाठ आधीच कमी वळते. मग सगळी कमान शेवटच्या दोन-तीन मणक्यांवर येऊन पडते. माझ्या हवालदाराचं बहुधा तेच झालं असावं.

दुसरं दुखणं आपण बोलतच नाही. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्याबाबतीत शिक्षिका होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. बडोद्यात ६२ व्या वर्षी मी नव्यानं शिकायला गेलो. शलभासनात पालथं झोपून पाय उचलले की सगळं वजन पुढच्या मधल्या हाडावर यायचं आणि जांघेत चिमटा बसायचा. त्यांनी विचारलं, "काका, कुठे दुखतंय?" मी म्हणालो, "काही नाही." उत्तर तेच, हवालदाराचं.

वर्ग सुटल्यावर ऐंशीचे एक आजोबा चपला घालता घालता मला म्हणाले, "कर्नलसाहेब, लंगोट सोडलात काय?" मी हसलो. ते हसले नाहीत. "तालमीत आम्ही उगाच बांधत नव्हतो. सैल लेंगा घालून पालथं पडलं तर दुसरं काय होणार? आणि घोंगडी घ्या खाली. लाज कसली?" दोन मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते मला तीस वर्षं कुणाला विचारता आलं नव्हतं.

तेच, आणि पुढे बाईंकडून जे शिकलो ते, तुम्हाला सांगतो.

पालथं झोपण्याआधी लघवीला जाऊन या. अंगात लंगोट किंवा नीट बसणारी, पण न आवळणारी अंतर्वस्त्रं असू द्या, आणि झोपतानाच सगळं वर, पोटाच्या दिशेनं सावरून घ्या, म्हणजे शरीराखाली काही दबत नाही. घोंगडीची घडी ओटीपोटाखाली अशी ठेवा, की कमरेची पुढची दोन्ही हाडं तिच्यावर येतील. वजन एका जागी न पडता पसरतं. पाय उचलण्याआधी ते मागे लांब करा. पहिले काही आठवडे एकेकच पाय, कुवलयानंदांच्या अर्धशलभासनासारखा. धनुरासनात घोटे हाताला येत नसतील तर घोट्यांना पट्टा घालून तो धरा. दुसऱ्या कुणाला ओढू देऊ नका.

उष्ट्रासनात गुडघ्यांखाली घडी घ्या, मांड्या भिंतीला टेकवा आणि त्या भिंतीपासून सुटू देऊ नका. हात टाचांवर पोचवायची घाई नको. मागे खुर्ची ठेवून तिच्या बैठकीवर हात टेकले तरी छाती उघडते. २१ जूनच्या योगदिनासाठी सरकारनं जो सामान्य क्रम ठरवला आहे, त्यातही हात कमरेवर ठेवून करायचं अर्धउष्ट्रासन आहे. अर्ध्याला आता सरकारी शिक्काही मिळाला म्हणायचा.

खुर्चीवरचं विपरीत दंडासन मात्र पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. पाठ काढलेल्या घडीच्या खुर्चीच्या बैठकीवर घोंगडी टाकायची. बैठकीची कड खांद्याच्या फऱ्यांजवळ यायला हवी, कमरेखाली नाही. पाय भिंतीला टेकलेले, डोकं लटकत असेल तर त्याखाली लोड. इथे वळते ती वरची पाठ, जी आपल्याकडे आयुष्यभर वळलेलीच नसते. उठताना डोकं शेवटी. नंतर लगेच जोरात पुढे वाकू नका. गुडघे दुमडून थोडं पडून राहा.

आणि हर्निया, रक्तदाब, हृदयाचा विकार, काचबिंदू, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. जांघेतला हर्निया पुरुषांत जास्त आढळतो, आणि पालथ्या आसनांत पोटावर दाब येतो, म्हणून ही सूचना हलकी घेऊ नका. पायात कळ किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबा. तिथे सहनशक्तीची परीक्षा नसते.

गेल्या वर्षी मी जुन्या सोबत्यांकडून त्या हवालदाराचा फोन नंबर मिळवला. गावी शेती करतो, दोन म्हशी आहेत. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मुलांची चौकशी झाली. मग मी म्हणालो, त्या दिवशी तुझे पाय मी ओढले होते, आणि मी ते कुठेही लिहिलं नाही. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "साब, मुझे तो मालूम था। आपको याद है, यह नहीं मालूम था।"

त्याची बढती मी परत देऊ शकत नाही. कंबर अजून दुखते का, विचारलं. धार काढायला बसताना दुखते, म्हणाला. मी त्याला आधी तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि तो गेला. डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिल्यावर मी त्याला एक कागद पाठवला. त्यावर गोधडीची जाडसर गुंडाळी, ती फऱ्यांखाली घेऊन उताणा पडलेला माणूस, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली उशी, एवढंच चित्र होतं. खाली लिहिलं होतं, दुखलं की थांबायचं आणि मला सांगायचं.

महिन्यानं त्याचा फोन आला. म्हणाला, पाच मिनिटं पडतो, बरं वाटतं, पण डाव्या बाजूला थोडं दुखतं.

ते "थोडं दुखतं" ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगता येणार नाही. गुंडाळी थोडी पातळ करायला सांगितली आहे.

तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांना एकच विनंती. समोरचा पुरुष "काही नाही" म्हणाला तर पुढच्या आकड्याला जाऊ नका. एक घोंगडी पुढे करा आणि पुन्हा विचारा.

जय हिंद.